टिटवीची अंडी आणि कणाशेठ

लई जुनी गोष्ट. नदीकाठच्या बिळात कणाशेठ नावाचा उंदीर दाणे विकायचा. यंदा पूर येईल का, या घोराने त्याला बसवेना. दाणे टेकडीवर न्यावेत, तर गिऱ्हाईक शेजारच्या घुशीकडे जाणार. खालीच ठेवावेत, तर सगळे बुडणार. जीव राहीना म्हणून त्याने दोन पोती वर नेऊन टाकली.

मग कळलं, टिटवीने टेकडीवर अंडी घातली. टिटवी वर गेली की पूर येतो, असं सगळेच म्हणत. तो धावत तिच्याकडे गेला.

"टिटवीबाई, पूर नक्की ना?"

"मला काय ठाऊक, शेठ? तुमची पोती वर दिसली, म्हणून मी वर आले!"

कणाशेठने वरच्या पोत्यांकडे पाहिलं, मग खालच्या बिळाकडे.

"अर्धे दाणे वर ठेवतो, अर्धे खाली. अर्धे गेले तरी दुकान राहील."

"तुमचं बरं आहे. मला चारही अंड्यांवर एकाच जागी बसायचंय, आणि इथं घार फिरते."

"घार दिसली की मी ओरडतो. पाणी चढताना दिसलं की तुम्ही ओरडा."

एवढं बोलून तो पुढचं पोतं आणायला पळाला, आणि टिटवी नदीकडे तोंड करून बसली.