यादीत नसलेली नऊ मशिनं

"पण चालू मशिनं बंद कशाला करायची, सर?"

सुयशनं हे तिसऱ्यांदा विचारलं. खासनीस सर चहा फुंकत बसून राहिले. निवृत्तीला आठ दिवस उरलेला माणूस घाई कशाला करेल?

दूध संघाची ती संगणक खोली. एका मोठ्या संगणकाच्या पोटात नऊ व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे आभासी संगणक, चालत आणि गावोगावच्या दुधाची नोंद त्यांच्यावर होई. नऊही सुयशनंच सुरू केलेली, एकेक लांबलचक कमांड स्वतःच्या हातानं टाइप करून. त्याला त्याचा कोण अभिमान! आता मात्र तो त्या अभिमानाला पार कंटाळला होता. उद्या कराडला वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि याचा पाय खोलीतून निघत नव्हता.

"मशिनं सांभाळायचा प्रोग्रॅम आहे ना, तो उघड," सर म्हणाले. "यादीत किती दिसतात?"

"एकही नाही. हातानं सुरू केलेली त्याला माहीत नसतात."

"मग माहीत करून दे."

"कमांड मला तरी कुठं आठवतात..." सुयशचा आवाज खाली आला. "बंद पडली तर पुन्हा कुणालाच उठवता येणार नाहीत. ती कुणी बंद करू नये म्हणून तर इथून हलत नाही, सर."

हे त्यानं आजवर कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

सरांनी कप ठेवला, कीबोर्ड पुढे ओढला आणि चालू कामांची यादी पडद्यावर आणली. प्रत्येक मशीन ज्या कमांडनं सुरू झालं होतं, ती त्याच्यापुढे अक्षरन् अक्षर दिसत होती.

"तू विसरलास. मशिनं नाही विसरली."

सकाळचं संकलन आटोपलं होतं, संध्याकाळच्याला अवकाश होता. दोघांनी त्या कमांड वाचून नऊही मशिनांची माहिती प्रोग्रॅममध्ये भरली, मशिनं एकेक करून बंद केली. मग सरांनी मोठा संगणकच बंद करून पुन्हा सुरू करायला लावला.

सुयशनं डोळे मिटून घेतले...

उघडले तेव्हा प्रोग्रॅमच्या यादीत तीन मशिनं चालू होती. मग सहा. मग नऊ. प्रोग्रॅमनंच ती उठवली होती, कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याला रडूच आलं.

"मग इथं माझं काय काम, सर?"

सरांनी खणातून त्याचा रजेचा अर्ज काढला. तीनदा दिलेला, तीनदा त्यानंच 'राहू द्या' म्हणून थांबवलेला. त्यावर सही केली.

"साडेचारला कराडची गाडी आहे. तुझं काम काय, ते वडिलांना विचार."