हौसाबाईची ओवी

माळरानावरच्या एका ख्रिस्ती वस्तीत एके काळी एक पाळक राहत. त्यांचा शिष्य शहरातून धर्मशिक्षण घेऊन परतला, तो मोठ्या तळमळीचा आणि तितक्याच घाईचा. विद्या नवी असली की असे होतेच म्हणा. वस्तीत जुनी रीत होती. उपासनेत वाटायच्या प्रभुभोजनाच्या भाकरीचे गहू बायका जात्यावर दळत आणि दळताना ख्रिस्ताच्या दुःखाच्या ओव्या गात. पाळक आजारी पडले, कारभार शिष्याकडे आला, आणि त्याने भर सभेत सांगितले, "ही चाल जुन्या देवांची. प्रभूच्या भाकरीला ती लागता कामा नये." बायका घरी गेल्या, ओव्या थांबल्या. पुढे भाकर बेकरीतून येऊ लागली.

बऱ्याच वर्षांनी ओव्यांची जाणकार हौसाबाई मरणाला टेकली. तिचा जीव शांतपणे जावा, एवढीच शिष्याची इच्छा. त्याने गीतांचे पुस्तक उघडून गोड गळ्याने गीत म्हटले. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवले. त्याने दुसरे म्हटले, तरी ती वळेना.

तेवढ्यात, आता पार म्हातारे झालेले पाळक काठी टेकत आले. त्यांनी कोपऱ्यातले जाते बाजेजवळ ओढले, खाली बसले आणि ते रिकामेच फिरवू लागले. शिष्याला वाटले, गुरुजींची बुद्धी चळली. दाण्यावाचून जाते कुणी फिरवते का? दगडावर दगड घासतो नुसता.

घरघर ऐकून हौसाबाईने मान वळवली. ओठ हलले. "मरीयामाय म्हणे बाळा, काटे रुतले कपाळी..." पुढचा चरण घशातच राहिला आणि तिने प्राण सोडला.

"पुढे काय आहे, गुरुजी?" शिष्याने विचारले.

"मला कुठे ठाऊक? ते बायकांचे धन. जन्मभर तिने या आवाजावर प्रभूला हाक मारली. दगड, दाणे, दुखणारे हात, सगळे मिळून तिची प्रार्थना होत असे. तू ती चाल परकी ठरवलीस. बाबा रे, ती तिच्या आईची चाल होती. आणि मी बरा होऊन उठलो तरी गप्प बसलो. माझाही दोष आहेच."

दफनाच्या वेळी शिष्याने पुस्तक मिटून हात जोडले. "बायांनो, तिची ओवी तुम्हीच म्हणा." बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. म्हाताऱ्या विसरल्या होत्या, लेकी शिकल्याच नव्हत्या. शेवटी माती लोटून सगळ्या ओवीवाचूनच परतल्या. शिष्य मात्र तिथेच उभा राहून रडला.

कुणाला देवाचे नाव शिकवायला जाल, तर त्याच्या आईचा सूर हिरावून घेऊ नका.