मानाचा घास

पवनराज पाऊल उचलीना! रायाजीराजांचा हा लाडका घोडा पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून पागेत अवघडला होता. खुरं तव्यासारखी तापलेली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. मधूनच तो मान वळवून आपल्याच कुशीकडे बघे आणि कण्हे.

"दसऱ्याला आम्ही याच्यावरूनच सीमोल्लंघनाला जाणार!" राजे गरजले. "तोवर घोडा बरा झाला नाही, तर सुभाना, गाढवावरून तुझी धिंड काढू आणि मुलुखाबाहेर हाकलून देऊ!"

सुभाना हा घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. घोड्याला काय झालंय हे त्याला ठाऊक होतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

त्याचं असं झालं होतं. मागच्या पावसाळ्यात पवनराजानं राजांना भर पुरातून पैलतीरी नेलं. खूश होऊन राजांनी हुकूम काढला, की दरबाराला येणाऱ्या प्रत्येक मानकऱ्यानं आधी पागेत जाऊन घोड्याला मानाचा घास द्यावा. ओंजळभर हरभरे आणि गुळाचा खडा. मग काय! खजिनदारांनी ओंजळीची परात केली. ते पाहून सेनापतींनी गुळावर तूप ओतलं. दिवाण त्र्यंबकरावांनी तर घरून बेसनाचे लाडू आणले, आणि राजे खिडकीतून बघताहेत याची खात्री करूनच ते भरवले.

पागेचे वैद्य नरहरशास्त्री यांनाही सगळं कळत होतं. पण राजांच्याच हुकमानं घोडा आजारी पडला, असं राजांना सांगणार कोण? शास्त्रीबुवांनी डोळे मिटून निदान केलं, "दृष्ट लागली आहे!"

दिवाण म्हणाले, "अशक्तपणा असेल. लाडू वाढवू!"

शेवटी सुभानाची बायको ठकू पदर खोचून राजांपुढे उभी राहिली.

"महाराज, घोडा मी बरा करते. फक्त त्याला वाळल्या गवताशिवाय दुसरं काही..."

"खबरदार!" राजे कडाडले. "मानाचा घास बंद होणार नाही! दिलेला मान आम्ही परत घेत नसतो. घासातला दाणा कमी करायचा नाही, कुणाला अडवायचं नाही. एकालाही अडवलंस, तर नवऱ्याच्या मागे गाढवावर तुलाही बसवू!"

ठकूनं थोडा विचार केला. "बरं महाराज. मान कमी करायचा नाही. पण वाढवला तर चालेल ना?"

"वाढव की! हवा तेवढा वाढव!" राजांची कळी खुलली. "ऐका रे सगळे! ठकू जो मान वाढवील, तो प्रत्येकानं पाळायचा!"

बाहेर आल्यावर सुभानानं कपाळाला हात लावला. "अगं, एवढ्या घासांनीच तो मरायला टेकलाय, आणि तू आणखी वाढवतेस?"

"तुम्ही नदीची ओली वाळू आणा, धनी. त्याच्या पायांखाली जाड अंथरा. बाकीचं माझ्याकडे लागलं."

सकाळी दिवाणसाहेब लाडवांचं ताट घेऊन हजर!

"ए बाई, बाजूला हो."

"या, या! पोटभर भरवा," ठकू म्हणाली. "फक्त वाढीव मान ऐकून घ्या. घास दिला की इथंच थांबायचं. लीद पडली, की ती आपल्या हातानं उकलून बघायची. हरभरे पचले की अख्खेच बाहेर आले? मग दरबारात जाऊन महाराजांना सांगायचं. ज्याचा घास, त्यानंच त्याची खबर द्यायची."

"मी? लीद? या हातांनी?"

"हात लावायचा नसेल तर नाकानंही कळतं. आमचे सासरे ओळखायचे!"

दिवाणांनी ताट उपरण्याखाली झाकलं. "अरे हो! आज एकादशी, नाही का!"

"एकादशी तुमची, साहेब! घोड्याची नाही!" ठकू ओरडली. पण दिवाण केव्हाच पसार झाले होते.

सेनापती मात्र मिशीला पीळ देत आले. "आम्ही रणात रक्त पाहिलंय! लिदीला भिणार?" त्यांनी घास दिला आणि ताठ उभे राहिले. दुपार कलली तेव्हा घोड्यानं शेपूट उचललं. सेनापतींनी लिदीच्या पाटीत हात घातला मात्र, आणि पांढरे पडून भिंतीला टेकले! दुसऱ्या दिवसापासून ते पागा चुकवून मुदपाकखान्याच्या दारानं दरबारात जाऊ लागले. तिथं खजिनदार आधीच पोचलेले असत.

इकडे ठकू खुरांना गार पाण्याच्या घड्या गुंडाळी, थोडं थोडं वाळलं गवत घाली आणि कुणालाही घोडा दौडवू देत नसे. हळूहळू पोट उतरलं. खुरं निवली. नालबंदानं वाढलेली खुरं बेतानं तासली. दसरा जवळ आला तेव्हा पवनराज चारी पायांवर सारखा भार टाकून फुरफुरत होता!

राजे पाहायला आले आणि हरखले. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"घासाच्या पराती कुठं आहेत? मानकरी कुठं आहेत? ठकू, तू त्यांना अडवलंस!"

"एकालाही नाही, महाराज. विचारा की!"

दिवाण चाचरले, "महाराज, ही बाई... आम्हाला... लीद उकलायला लावते!"

"एवढंच?" राजे चकित झाले. "आमच्या घोड्यासाठी एवढंही होईना? म्हणजे तुमची पवनराजावर निष्ठाच नाही?"

"आहे की, महाराज!" ठकू पटकन म्हणाली. "उगाच कशाला दोष द्यायचा? निष्ठा मोप आहे. पण ती सगळी घोड्याच्या तोंडाच्या बाजूला! शेपटीच्या बाजूला आम्ही नवराबायकोच असतो!"

मग राजे असे हसले, असे हसले, की पगडी सावरायला त्यांना पवनराजाच्या मानेला धरावं लागलं! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूच्या ओंजळीत टाकलं आणि दिवाणांकडे वळून म्हणाले,

"त्र्यंबकराव, दवंडी पिटवा. आजपासून पागेत हुकूम ठकूबाईचा. आमचासुद्धा नाही!"