कसरीचा वाटा

“…आणि ती टोपली? दाराशी टांगलेली असायची ती टोपली कुठं गेली, आज्जा?”

हेरंबनं हे विचारलं तेव्हा त्याच्या एका पायात अजून बूट होता.

मल्लाप्पा आज्जा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. धोटा डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. मग त्यांनी मान वर केली.

“आलास व्हय? बस. पाणी पी.”

“पाणी राहू द्या. टोपली…”

“टाकली.”

हेरंब मटकन उंबऱ्यावरच बसला.

आता एका टोपलीसाठी चांगला शिकलासवरलेला माणूस, नावामागं डॉक्टर लावणारा, पुण्याहून पहाटेची एसटी धरून आवंढगीसारख्या आडगावात येतो का? येतो बाबा. जीव अडकला की येतो.

आज्जा सणगर. घोंगडी विणायची हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. आणि जिथं लोकर तिथं कसर, हे काही नवीन नाही. कसर म्हणजे लोकर खाणारी बारीक अळी. मोठी झाली की तिचा मळक्या सोनेरी रंगाचा, तांदळाच्या दाण्याएवढा पतंग होतो. अख्खी सणगरगल्ली तिच्या नावानं बोटं मोडायची.

आज्जांच्या घरची रीत मात्र जगावेगळी. मेंढरं कातरली की न धुतलेल्या, घामट लोकरीची एक मूठ आधी दाराशी टांगलेल्या टोपलीत जायची. तिला म्हणायचे कसरीचा वाटा. “तिचं तिला द्यावं, मग ती आपल्याला हात लावत न्हाई,” असं आज्जांचे वडील सांगायचे आणि त्यांना त्यांचे वडील. कसरीला हात कुठून असणार? पण हे आज्जांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी हेरंब विद्यार्थी म्हणून इथं आला तो “महिनाभर राहतो” म्हणून, आणि राहिला अकरा महिने. आज्जांच्या सुनेच्या, शेवंताच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, मागाशेजारी पथारी टाकली, कसरीवर प्रबंध लिहिला आणि डॉक्टर झाला.

“टाकली म्हणजे? अहो, तीन पिढ्यांची रीत, अशी कशी टाकलीत?”

“तूच सांगून गेलास न्हवं?”

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी हेरंब पत्र्याची कोरी पेटी आणि डांबरगोळ्यांचा पुडा घेऊन आला होता. “ही घाण घरात ठेवू नका, आज्जा. अशानं कसर वाढते. माल पेटीत ठेवा आणि पेटीत गोळ्या टाका,” असं चांगलं दरडावून गेला. त्या वासानं शेवंताचं डोकं चढायचं, तिनं नाकाला पदर लावला होता. आज्जा मात्र नुसतं “बरं” म्हणाले होते.

“पर तुला एवढं लागलं का?” आज्जांनी विचारलं. “तवा तिच्या मुळावर उठला होतास. आता तिच्यापायी तोंड पाडून बसलास.”

हेरंबनं पिशवीतून काचेची एक डबी काढली. आत टाचणीला लावलेला एक वाळका पतंग होता.

“हा बघा. अकरा वर्षं माझ्या कपाटात पडून होता. इथलाच आहे. मी त्याच्यावर साध्या कसरीचं नाव लिहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर सहज सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि… आज्जा, हा वेगळा आहे. टिनिया म्हणून प्रजाती आहे या पतंगांची, तिच्यातली ही नवीन जात. जगात कुणाला ठाऊक नाही.”

“जात?”

“शास्त्रात असतं तसं. एका प्रजातीत पुष्कळ जाती.”

“आरं तिच्या! शास्त्रात बी जाती हायत?” आज्जा हळहळले. “बिचारं पाखरू. पंख फुटून बी सुटलं न्हाई म्हन की.”

आत चुलीपाशी शेवंता फिसकन हसली.

हेरंबला हसू आलं नाही. “एका वाळक्या पतंगावर कुणी विश्वास ठेवत नाही हो. शोधनिबंध छापणारे अळी दाखवा म्हणतात, अळीच्या अंगावरचं घर दाखवा, जिवंत वाढवून दाखवा. महिनाअखेरची मुदत आहे. तीन जिल्ह्यांतले लोकरीचे बाजार पालथे घातले, कुठंही ती नाही. होती ती इथंच. बाकी सगळं झालंय, आज्जा. एवढी एकच कसर राहिलीय.”

“राहिलीय कुठं?” आज्जा म्हणाले. “राहिली न्हाई, हीच तर तुझी कसर हाय.”

हेरंबनं डबी मिटली.

“तो निबंध गेला खड्ड्यात,” तो म्हणाला. “सगळ्या जगात एकाच घरात राहणारा जीव, आज्जा. तुमच्या तीन पिढ्यांनी त्याला खाऊ घातलं. आणि मी गोळ्या आणून दिल्या…”

आज्जांनी धोटा बाजूला ठेवला.

“अळीच्या अंगावर घर असतं म्हनलास. कसलं?”

“लोकरीचंच. सदऱ्यासारखं. जी लोकर खाते तिचाच सदरा करते. काळी खाल्ली तर काळा, पांढरी खाल्ली तर पांढरा.”

“आन् ह्या नव्या जातीचा?”

“ते कुठं माहीत आहे! तेच तर हवंय.”

“म्हाईत न्हाई?”

“नाही.”

“म्हाईत न्हाई…” आज्जांनी मान हलवली. “शेवंता, त्यो कागद आन गं.”

शेवंतानं देवळीतून पेपरचं एक कात्रण आणलं आणि सासऱ्याच्या नाही, हेरंबच्याच हातात ठेवलं. घड्या पडलेलं, हळदीचं बोट लागलेलं. वर हेरंबचा फोटो होता, खाली त्याची मुलाखत.

“वाच,” आज्जा म्हणाले. “मला अक्षर येत न्हाई. शेवंतानं वाचून दावलं, पर ती अडखळती. तुझ्या तोंडून ऐकू.”

हेरंब वाचायला लागला. चार ओळी झरझर गेल्या. पाचव्या ओळीला तो थांबला.

“वाच की.”

“‘…या विषयात मला कुणी गुरू लाभला नाही. जे पाहिलं, ते माझं मी पाहिलं.’”

माग थांबलेला होता. बाहेर वळचणीला चिमण्यांचा कलकलाट चालला होता.

“ते… बोलण्याच्या भरात निघून गेलं, आज्जा.”

“खोटं कुठं हाय? डोळं तुझंच.”

आज्जांच्या बोलण्यात राग नावालाही नव्हता. हेरंबला तेच जास्त झोंबलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“काठाची,” आज्जा म्हणाले.

“काय?”

“हितंच बसला होतास. मी तीन अळ्या तळहातावर घिऊन दावल्या तुला. ही नागवी, ही सदरा घालत न्हाई. ही दुसरी, सदऱ्याची. आन् ही…”

हेरंबचा चेहरा पांढराफटक पडला.

आठवलं. तिसऱ्या अळीचा सदरा काळा होता आणि दोन्ही टोकांना पांढरा काठ. थेट काठाच्या घोंगडीसारखा. आज्जा म्हणाले होते, ही तिसरी. हिला काळ्या लोकरीत टाक, कुठनं बी पांढरं हुडकून आनंल आन् काठ लावंलच. हेरंबच्या पुस्तकात मात्र दोनच दिलेल्या होत्या. तेव्हा तेवीस वर्षांचा हेरंब मोठ्यांदा हसला होता. “आज्जा, दुसरी आणि तिसरी, या दोन्ही एकच. रंगावर काही नसतं,” असं आज्जांनाच शिकवलं होतं. त्या अळीचा पुढं पतंग झाला, तो त्यानं टाचणीला लावला. आणि रिकामा सदरा फुंकर मारून उडवून दिला.

“तुम्ही दाखवली होती,” तो म्हणाला. “नावसुद्धा ठेवलं होतं. आणि मी हसलो.”

“हसलास तर काय! च्या सांडलास हसता हसता. मागावरच्या ताण्यावर.”

हेरंब उठला, खड्ड्याच्या कडेला गेला. पाय धरावेत तर ते खाली खड्ड्यात. मग त्यानं आज्जांच्या गुडघ्यांवरच डोकं टेकलं.

“चुकलो मी, आज्जा. फार चुकलो. मला टोपली नको, जात नको. तुम्ही शिकवलंत आणि मी ते विसरून बसलो…”

आज्जांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला चिंचोक्याची खळ होती, ती सगळी शर्टाला लागली.

“ऊठ. मागच्या भितीला शिडी हाय, ती आन.”

“शिडी कशाला?”

“टोपली टाकली म्हनलो मी. कुठं टाकली, त्ये इचारलास?”

“कुठं?” हेरंबनं विचारलं.

“वळचनीला टाकली,” आज्जा म्हणाले. “तू म्हनलास घरात ठिवू नका. भायेर ठिवू नका, असं कुठं म्हनलास?”

“आन् दर कातरणीला मूठभर वर टाकत्यात मामंजी,” शेवंता आतून बोलली. “म्या म्हनलं, डाक्टर रागं भरतील. तर म्हनत्यात, त्यो त्याचं काम करतोय, आपन आपलं करू.”

हेरंब पळतच गेला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, तसाच शिडीवर चढला.

पत्र्याखाली टोपली होती. चिमण्यांनी तिच्यातली लोकर ओढून शेजारीच घरटं केलं होतं. पिलं कधीच उडून गेलेली. हेरंबनं श्वास धरून एक पुंजका बाजूला केला.

काळा दाणा. हलला. पुढच्या टोकातून इवलंसं डोकं बाहेर आलं, सदरा ओढत अळी पुढं सरकली. दोन्ही टोकांना पांढरा काठ.

“आहे! आज्जा, आहे! काठाची आहे!”

गल्लीतली माणसं दारात आली. शिडीवर उभा राहून हा बाबा हसतोय का रडतोय, कुणाला कळेना. त्यालाही कळत नव्हतं. त्यानं पाच अळ्या खिशातल्या दुसऱ्या, रिकाम्या डबीत घेतल्या. सगळं घरटंच न्यावं, असं एकदा मनात आलं, नाही असं नाही. पण तो खाली उतरला, मागापाशी आला आणि हात पुढं केला.

“एक मूठ लोकर द्या, आज्जा. न धुतलेली.”

आज्जांनी दिली. ती टोपलीत टाकून हेरंब परत आला, तेव्हा कुठं त्यानं दुसरा बूट काढला आणि पाणी प्यायला.

शेवंतानं ताट वाढलं. अकरा वर्षांपूर्वीचंच ताट, तीच चव. पोटात दोन घास गेल्यावर त्याला भरून आलं.

“नाव तुमचंच देणार या जातीला,” तो म्हणाला. “शोधणाऱ्यानं स्वतःचं द्यायची रीत नाही. दुसऱ्याचं देतात.”

“सोताचं देत न्हाईत? मग बरी हाय की तुमची विद्या.” आज्जा हसले. “पर माझं नगं बाबा. जगभर बोभाटा हुईल, मल्लाप्पानं घोंगडं खाल्लं म्हनून.”

शेवंता हसून हसून भाकरी थापायची थांबली. हेरंबही हसला.

“मग मी काय करू, आज्जा? एवढं दिलंत तुम्ही. मी काहीतरी…”

आज्जांनी टाचणीवरच्या पतंगाची डबी उचलली आणि दाराच्या उजेडात धरली.

“ह्यो काय खातो रं?”

“पतंग? काही नाही. त्याला तोंड म्हणून नसतंच. अळी असताना जे पोटात गेलं, त्याच्यावर जन्मभर उडायचं.”

“तवा कुनी घातलं त्येवढ्यावर?”

“तेवढ्यावरच.”

“आन् कुनी घातलं, त्ये सांगत आसंल का ह्यो कुनाला?”

“कसं सांगेल, आज्जा? तोंडच…”

हेरंबच्या हातातला घास हातातच राहिला.

आज्जांनी डबी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. खड्ड्यात पाय सोडले, धोटा उचलला.

“त्येला तोंड न्हाई, लेका. तुला हाय.”