रणदिवे साहेबांचा पायगुण

लक्षद्वीपला निघालेल्या जहाजावर इंदुमतीबाई खानोलकरांना नेमकी नाचाच्या हॉलखालची केबिन मिळाली. त्यांचे यजमान दामोदरराव यांची बायपास होऊन दोनच महिने झाले होते आणि डॉक्टरांनी झोप सक्तीची केली होती. डोक्यावर मात्र दिवसरात्र शंभर पाय आपटत होते.

बाईंनी तक्रार केली. मॅनेजर रणदिवे जातीने पाहणीला आले. पण साहेब निघाले की त्यांचा मदतनीस आधी हॉलमध्ये फोन करायचा, आणि मंत्री येणार म्हटल्यावर जसे रस्त्यातले खड्डे बुजतात, तसा हॉल गप्प व्हायचा. तीनदा पाहणी झाली, तीनदा शांतता आढळली.

तिसऱ्यांदा रणदिवे दारात जमलेल्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, आवाज तुमच्या मनात आहे. अशी निवांत केबिन मला मिळाली असती, तर मी इथून हललोच नसतो!"

"खरंय साहेब, तुमचा पायगुणच तसा आहे. तुम्ही आत आलात की आवाज थांबतो, पाठ फिरवलीत की सुरू होतो." बाईंनी बॅग उचलली. "तेव्हा तुम्ही इथेच राहा. आम्ही तुमच्या केबिनमध्ये जातो."

नाही म्हणायचं, तर आवाज कबूल करावा लागला असता. रणदिव्यांनी किल्ली दिली.

दामोदरराव त्या दुपारी चार तास झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाच उघड्या डेकवर हलवल्याची सूचना लागली. रात्र हॉलखालच्या केबिनमध्ये काढलेल्या रणदिव्यांची खालची सही जरा थरथरलेली होती.