कासवआजीची तीनचाकी

फार मागं, जनावरंही आठवडी बाजाराला जायची, त्या काळची गोष्ट. कासवआजी पोचेपर्यंत दर वेळी बाजार उठलेला असायचा. म्हणून तिनं तीनचाकी सायकल घेतली.

सायकल दिसताच उंटराव न बोलावता आले. शहाणे तसेच येतात. त्यांनी आपल्या मापानं सीट उंच चढवली, हँडल लांब सारलं. आजी कशीबशी वर बसली, तर पाय लोंबकळायला लागले.

"तुमचे पायच आखूड, आजी. थोडे वाढवा," उंटराव म्हणाले.

"वाढवते हो. तोवर तो पाना द्या जरा."

आजीनं सावकाश सीट उतरवली, पायडलला पाय नीट टेकेपर्यंत. हँडल छातीजवळ ओढलं.

उंटराव कळवळले, "अहो, चांगली सायकल बिघडवलीत!"

"बिघडली खरी," पायडल मारत आजी म्हणाली. "बाजारातून तुम्हाला काय आणू?"