घार आणि ग्लायडर यांच्या घिरट्या

माणसांना इंजिनाशिवाय उडण्याचे नुकतेच वेड लागले होते, त्या काळी एका माळावरच्या क्लबात एक तरुण ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, राहत असे. एके दिवशी त्याला पन्नास मैलांवरच्या गावाला वळसा घालून परत यायचे होते. वाटेत शेतात उतरावे लागलेल्या ग्लायडरचे पंख सुटे करून त्याला ट्रकमधून घरी आणत, आणि क्लबातले इतर ग्लायडर त्याला आठवडाभर हसत.

अर्ध्या वाटेवर त्याची उंची कमी होऊ लागली. वर नेणारी गरम हवा कुठेच सापडेना. तेवढ्यात एक घार घिरट्या घालताना दिसली. घारींना अशी हवा अचूक कळते, असे त्याला शिकवलेले होते. म्हणून तोही तिच्यामागे फिरू लागला. चार फेऱ्या झाल्या तरी जमीन जवळच येत होती, पण विचारणे त्याला कमीपणाचे वाटले. अखेर बाभळीचे काटे दिसू लागले, तेव्हा तो म्हणाला, "घारताई, आपण वर कधी जाणार?"

"वर? मी उंदरावर टपले होते! केव्हाच झेप घेतली असती, पण तुम्ही आलात. म्हटले, एवढ्या मोठ्या पंखांच्या पाहुण्यांना याहून चांगले काही दिसले असेल."

"मी तर तुमच्या भरवशावर आलो!"

"अहो ग्लायडरराव, मग आधी विचारायचे नाही का?"

"तुम्ही तरी कुठे विचारलेत?"

तोवर ग्लायडर हरभऱ्याच्या शेतात टेकला आणि उंदीर बिळात शिरला. घार हताशपणे ग्लायडरच्या शेपटीवर बसली. थोड्याच वेळात आणखी पाच घारी घाईघाईने खाली आल्या, आणि कोणालाही काहीही न विचारता शेजारी रांगेने बसल्या.